दोन पट्ट्या खाली

...आणि वर तो गिटारीच्या तारांचा दुकानदार मलाच विचारतो, "ताई, गेज कुठला देऊ?" आता मला काय माहीत गेज! मी आपली भजनातली बाई, मी म्हटलं, "भाऊ, काळी एकच्या द्या." आम्ही पेटीवाल्याला तसंच सांगतो ना, पट्टी सांगितली की झालं! तर तो हसला हो. म्हणाला, "ताई, पट्टी पेटीला. तारेची जाडी सांगायची असते."

तुम्हाला सांगते, मला फक्त दोन पट्ट्या खाली हव्या होत्या! फार मागितलं का हो मी?

थांबा, आधीचं सांगते. माझ्या जावेची लेक माधवी, शुक्रवारी तिची हळद. आमच्याकडे हळदीला धवला, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, गातात. गेली चाळीस वर्षं गावात सोनाबाईच गायच्या, पण यंदा त्यांना दम पुरेना. माझा हात धरून म्हणाल्या, "जयवंते, आता तू गा गं. तू नाय गायलीस तर ही पोरं मोबाइल लावतील नि माझा धवला माझ्यासंगं जाईल." आता याला नाही कसं म्हणायचं? आणि तेवढ्यात माझी समिधा... एकोणीस वर्षांची घोडी, वर्षभर माझ्याशी बोलणं म्हणजे "जेवायला काय" आणि "चार्जर कुठंय"... ती आपणहून म्हणाली, "आई, तू गा, मी गिटार वाजवते." तव्यावर भाकरी करपली हो माझी!

पण पन्नाशीनंतर माझा गळा बसला खाली, आणि तिची गिटार लागलेली वर. समिधा म्हणाली, "सोप्पंय, तारा सैल करते." केल्या. तर तारा अशा थरथरायला लागल्या, जसा डब्यात भुंगा कोंडलाय! समिधा म्हणाली, "आई, सूर खाली आणला की तार जाड लागते. आत्ता बाराचा गेज आहे, बदलायला हवा."

हे ऐकून आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. हे साजगावला तारेच्याच कारखान्यात, बावीस वर्षं! "तारेचं मला सांगता? गेज जेवढा कमी, तेवढी तार जाड. आठ नंबरची तार हाताने वाकत नाय, वीस नंबरची पोरगं वाकवील. जाड पायजे ना? मग दहाचा आण!" समिधा म्हणाली, "पप्पा, गिटारीत उलटं असतं." "तू जन्मायच्या आधीपासनं तार ओढतोय मी, समे!" संपलं. बाप-लेक तोंडं फिरवून बसले. मी काय करणार? बावीस वर्षांच्या नोकरीवर विश्वास ठेवला आणि कर्जतच्या दुकानात गेले; तिथंच ते काळी एकचं हसं झालं, मग कुठं ह्यांचा दहा आठवला आणि दहाचा सेट घेऊन आले.

समिधाने तारा चढवल्या, दोन पट्ट्या खाली आणल्या... अहो, कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा ताठ म्हणायची! तार दाबली की बाजूला पळते, सोडली की खडखडते. गिटारीत दहा म्हणजे बारापेक्षा बारीक! ह्यांनी तार चिमटीत धरली, चष्मा वर केला, चष्मा खाली केला. म्हणाले, "नंबर टाकणारा येडा हाय."

बुधवार होता तो. बुधवार! मला फक्त दोन पट्ट्या खाली हव्या होत्या!

गुरुवारी परत दुकानात. या वेळी मी म्हटलं, "भाऊ, सगळ्यात जाड द्या." चौदाचा दिला. घरी आणला तर सगळ्यात जाड तार गिटारीच्या मानेवरच्या खाचेत बसेचना! आणि बाकीच्या दाबून दाबून समिधाची बोटं लाल. ती रडवेली झाली. "आई, राहू दे ना. मोबाइलच लावू." अहो, तारेचं जाऊ द्या, पुन्हा आपलं "चार्जर कुठंय"वर येणार, हेच दिसायला लागलं मला! देवापुढे हात जोडून उभी राहिले, म्हटलं, बाबा, मला दुसरं काही नको...

तर दारात हे! सोबत कर्जतहून आणलेला, बारा-चौदाच्या मधला, तेराचा सेट आणि कारखान्यातली बारीक कानस. खाच हलक्या हाताने इतकी घासली, इतकी घासली, जशी पोरीच्या कानात बाळी घालतायत. समिधाने तेराच्या तारा चढवल्या, दोन पट्ट्या खाली आणल्या, छेडल्या... भुंगा नाही, खडखड नाही. भरलेल्या घागरीसारखा आवाज!

शुक्रवार. मांडवात साठ-सत्तर बाया, माधवी पाटावर, सोनाबाई समोर मांडी घालून. समिधाने मान हलवली. मी तोंड उघडलं... आणि भीतीने माझा आवाज दोन पट्ट्या वर!

हो! वर! सोनाबाई मांडीवर थाप मारतायत, "अस्सं गं बाय, खणखणीत!" आता खाली उतरू कशी? समिधाने माझ्याकडे असं बघितलं... मग खिशातून एक चिमटा काढला, गिटारीच्या मानेला लावला आणि बरोबर माझ्या सुरात आली. माधवी रडली, सोनाबाई रडल्या, मी तर गाता गाताच रडले.

नंतर विचारलं, "तो चिमटा कसला गं?"

"सूर वर नेतो. दोन पट्ट्या नेला."

"म्हणजे गिटार आता..."

"हो आई. बुधवारच्या आधी होती तिथं."

आता जनीकाकीच्या नातवाच्या हळदीचं बोलावणं आलंय, आम्हा दोघींना! काल समिधा माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, चार्जर. तर म्हणते, "आई, नीट विचार करून सांग. तू घाबरणार आहेस की नाही? त्यावर तारा ठरवते."

काय सांगणार हो? म्हटलं, "घाबरणार, बाळा. बाराच्याच लाव."