इंजिनला हात लागलेला नाही

— नाही नाही, नुसत्या आवाजावरून नका सांगू गोरक्षभाऊ, आवाज चांगला आहे ते मलाही कळतंय, जळायच्या आदल्या दिवशी माझ्या मिक्सरचाही आवाज चांगला होता — तुम्ही आत डोकं घालून सांगा. हे पार्ट कंपनीतून लागून आले तेच आहेत की मागाहून कोणी बदललेत, एवढंच मला हवंय. टायर नकोत, एसी नको, सीटखाली अक्षता सापडतील त्याही तिथेच राहू द्यात. गाडी त्र्यंबकची आहे, ढुंढिराजगुरुजींची, म्हणजे आमच्या आभाच्या होणाऱ्या सासऱ्यांची. बाहेरगावचे यजमान पूजेला येतात ना, त्यांना नाशिकरोड स्टेशनवरून आणायला-सोडायला ठेवली होती. आता मोठी घेतलीय, तर म्हणाले, शैलाताई, बाहेरच्याला देण्यापेक्षा तुम्हीच घ्या, दोन दिवस ठेवून बघा. आणि वर म्हणाले — हे त्यांचेच शब्द बरं का, मी पदरचं काही घालत नाही — "इंजिनला हात लागलेला नाही." इथेच म्हणाले, याच पार्किंगमध्ये, चहाचा कप बॉनेटवर ठेवून.

काय दाखवताय? बोल्ट. हो, दिसला. पिवळा ठिपका? हा, हा पण दिसला. कंपनी बोल्ट आवळला की खूण करते, आणि पाना लागला की ती खूण उडते — असं होय. मग हे बाजूचे चार बिनठिपक्याचे का? नाही, लगेच नका सांगू, आधी नीट बघा. मला घाई नाही. आभा ऑफिसला गेलीय, आणि आमचे हे गेल्यापासून असल्या गोष्टी मीच बघते. तुम्हाला वाटेल, बाई एका जुन्या गाडीसाठी किती जीव काढते. गाडीचं नाहीच हो ते. गाडी काय, दुसरी मिळेल. माणसं कशी आहेत ते बघायचंय. चौकशी केली मी, नाही असं नाही — शेजारी म्हणाले, सोन्यासारखी माणसं. शेजारी दुसरं काय म्हणणार, त्यांना तिथेच राहायचंय. पत्रिका म्हणाल तर ती गुरुजींनीच मांडली, मुलाचा बाप मुलाची पत्रिका काय वाईट सांगणार आहे? उरली गाडी. गाडीला कोणाची भीड नसते. म्हटलं, आपल्या गोरक्षभाऊंना बोलवू, आपली स्कूटर इतकी वर्षं बघतायत, ते तोंडदेखलं बोलायचे नाहीत.

बरं, आता काय? हा करडा लेप? कडेने बाहेर आलाय तो. कंपनीचा असा ओघळत नाही — मग हा कोणी लावला? म्हणजे वरचं हे हेड एकदा खोललंय. नक्की ना? पुन्हा बघा. चष्मा पुसा हवं तर. नक्की. म्हणजे हात लागलाय. बरं झालं.

बरं झालं म्हणजे तसं नाही, वाईटच झालं, एवढा पूजापाठ करणारा माणूस, तोंडावर धडधडीत सांगतो हात लागलेला नाही म्हणून — पण बरं झालं कळलं. रविवारी साखरपुडा आहे. आता मी बघते.

कशाला बाजू घेताय त्यांची? काम चांगलं झालंय तर झालंय. आणि पार्ट कुठले घातलेत? ओरिजिनल? थांबा, मघाशी म्हणालात बदललेत, आता म्हणता ओरिजिनल. एक काय ते ठरवा. अच्छा — कंपनीचाच पार्ट, पण गाडीबरोबर आलेला नाही, नंतर बसवलेला. मग त्याला ओरिजिनल म्हणायचं? म्हणायचं. आणि आता काही धोका नाही, उलट नीट निगा ठेवली तर न खोललेल्या इंजिनाइतकंच चालेल. हो, डॉक्टरही तसंच म्हणाले होते.

कुठले डॉक्टर? कुठले नाही. असंच बोलले. तुम्ही तुमचं बघा.

आभा सहा वर्षांची होती. मुंबईला नेली होती. हृदयाला भोक होतं, जन्मापासूनचं, ते बुजवलं. इथून इथपर्यंत खूण आहे, बाकी काही नाही — काही म्हणजे काही नाही, दर रविवारी सायकलवर गंगापूर धरणापर्यंत जाऊन येते, मी रिक्षाने गेले तरी दमते. डॉक्टरांनी लग्नाला, मुलाबाळांना, सगळ्याला हो म्हटलंय. पण हे सगळं सांगायला गेलं की समोरचा "भोक" एवढंच ऐकतो. आधी एक स्थळ आलं होतं, इथलंच, इंदिरानगरमधलं. त्यांना सांगितलं खरं खरं. चहा संपेपर्यंत बसले, पोह्यांचं कौतुक केलं, आणि मग फोनच उचलेनात. आभा रडलीबिडली नाही. दुसऱ्या दिवशी टेलरकडे जाऊन सगळ्या ड्रेसचे गळे बंद करून आणले. तेव्हा ठरवलं मी, आता कोणाला सांगायचं नाही. मला फार लागलं होतं हो ते.

होणाऱ्या जावयाला, तनयरावांना? नाही ना माहीत. आभा रोज म्हणते, आई, साखरपुड्याच्या आत तू सांग, नाहीतर मी सांगते. तिला माझी शपथ घातलीय, म्हणून गप्प आहे. जेवते, उठते, ताट घासून ठेवते, बोलत नाही माझ्याशी. म्हणून म्हटलं, त्यांच्याकडचंही काहीतरी निघू दे. मोठं नको, एवढंच, गाडीएवढं. म्हणजे उद्या त्यांना कळलंच आणि गुरुजी म्हणाले की लपवलंत, तर मला म्हणता येईल, तुम्ही तरी कुठे सांगितलंत. फिट्टंफाट. असं बघू नका माझ्याकडे. मुलगी उजवायची असती तुम्हाला, म्हणजे कळलं असतं.

थांबा, फोन. घ्या — त्यांचाच. उचलते. आज मीच विचारणार आहे, आणि स्पष्ट विचारणार आहे, तुम्ही इथेच उभे राहा. नमस्कार गुरुजी, बरं झालं फोन केलात, मी आत्ता तुम्हाला — हो, बोला ना, तुम्ही बोला. हो. कसारा घाटात. गाडी तापली होती. तनयराव चालवत होते. हो. हेड खोलावं लागलं. हो, मला… नाही, राग कसला. मुलावर निष्काळजीपणाचा ठपका येईल म्हणून तेव्हा बोलला नाहीत, समजू शकते मी. जेवण गेलं नाही? अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी जेवण टाकतं का. नाही, नाही, विहीणबाई म्हणाल्या ते बरोबर आहे, नातं जुळताना मनात काही ठेवू नये. हो. तुमचा मोठेपणा.

आमच्याकडचं काही सांगायचं?

गोरक्षभाऊ, तुम्ही जा आता. बॉनेट राहू द्या उघडं, जा — नाही, गुरुजी, तुम्हाला नाही म्हटलं. तुम्ही थांबा.