फर्डिनांडच्या लेकी

न्यूझीलंडमधल्या टाकानिनी गावच्या दवाखान्यात नीलकंठराव आपल्या पाळीची वाट बघत बसले होते. मागच्या बाकावरून मराठी ऐकू आलं आणि त्यांनी मान न वळवता कान तिकडे लावले. आजी नातीचा अभ्यास घेत होती.

"आजी, स्पेनचा राजा फर्डिनांड. त्याची फॉरेन पॉलिसी हीप्स, म्हणजे खूपच, सक्सेसफुल."

"म्हणजे केलं काय त्यानं?"

"मुलींची लग्नं. थोरली पोर्तुगालला, मधली फ्लँडर्सला, धाकटी कॅथरीन इंग्लंडला. फ्रान्स एकटा पडला!"

"धाकटी केवढी होती?"

"फिफ्टीन. माझ्याएवढी."

"मग माहेरपणाला कधी आली?"

"नेव्हर."

"पहिल्या बाळंतपणाला तरी?"

"आजी, शी वॉज क्वीन!"

"राणीला आई नसते होय गं?"

"टेस्टमध्ये ते नाही येत."

"तुझ्या आजोबांनीही न्यूझीलंडचा जावई मिळाला म्हणून गल्लीभर पेढे वाटले होते. तुझ्या वेळी मी डिंकाचे लाडू करून खोली सारवल्यागत लख्ख ठेवली होती."

"मग?"

"तू इथे झालीस. लाडू शेजारणीच्या लेकीला दिले. ती आली होती बाळंतपणाला."

आतलं दार उघडलं.

"मम्मा आली!"

"सुमेधा, काय म्हणाले डॉक्टर?"

"ठीक आहे सगळं. चल आई."

"यंदा दिवाळीला येशील ना गं माहेरी?"

"बघू. रजा मिळाली तर."

"बरं. अनुष्का, वाच पुढे. राजा जिंकला ना?"