वरचा डबा

(ग्वाल्हेर, लष्कर भागातल्या खासगी बाजारची एक गल्ली. १९५६ सालचा ऑक्टोबर, दुपार. विजयाबाईंच्या मागच्या अंगणात चार डब्यांचा, कोळशावर चालणारा उभा कुकर मांडला आहे. मधल्या बुटक्या भिंतीपलीकडे इंदुताईंचं घर; तिथल्या ओसरीवर त्यांचा मुलगा लक्ष्मीकांत खाटेवर पडून आहे.)

इंदुताई : सगळं तुम्ही सांगितलंत तसंच केलं मी, विजयाबाई. कांदा, आलं, तुमची ती लसूणसुद्धा. नाकाला पदर बांधून ठेचली. तळाला निखारे, वर पाणी, डबे चढवले, झाकण लावलं आणि उठले. तुम्हीच म्हणाला होतात, ह्यात करायचं काही नाही. भरायचं आणि विसरून जायचं.

विजयाबाई : हां, म्हटलं होतं. एकट्या माणसाचा कुकर आहे हा. ह्यांनी फौजेत असताना घेतला होता, छावणीत कामाला यावा म्हणून. सकाळी भरून परेडला जायचे, दुपारी येऊन जेवायचे. कधी काही बिघडलं नाही. मग काल लक्ष्मीकांतला इतक्या उलट्या कशानं झाल्या?

इंदुताई : आमच्या रक्ताला ते सोसत नाही. दुसरं काय असणार?

विजयाबाई : ते म्हणजे?

इंदुताई : ते. तुम्हाला ठाऊक आहे काय ते.

विजयाबाई : कोंबडी म्हणा, इंदुताई. नुसतं म्हटल्यानं जीभ विटाळत नाही. आणि रक्ताचं राहू द्या. तुमच्या लक्ष्मीकांतनं कॉलेजात असल्यापासून ह्याच अंगणात बसून खाल्ली आहे. तेव्हा बरी सोसायची.

इंदुताई : कळलं ते. परवा त्यानंच सांगितलं. डॉक्टर कितीदा सांगून गेले होते की नुसत्या दूधभातावर ह्या छातीच्या दुखण्यात अंग धरत नाही, अंडी द्या, कोंबडीचा रस्सा द्या. मी म्हटलं, त्याच्या गळ्याखाली उतरणार कसं? तर हा खाटेवरून हसतो आणि म्हणतो, काकूंच्या अंगणातलं ते भोकाच्या शेवया घातलेलं कर. इतकी वर्षं तुम्ही भिंतीपलीकडून माझ्याकडे लिंबाचं लोणचं मागत होतात आणि माझ्या मुलाला हे चारत होतात.

विजयाबाई : आमचे हेच चारायचे. लढाईत इटलीला गेले होते ना, तिथून ते शिकून आले. पीठ नळीसारखं वळून वाळवतात म्हणे तिकडे, आणि कोंबडीच्या रश्श्यात सोडतात. बाड्याच्या चौकातल्या एका दुकानात मिळायच्या त्या, साहेबलोकांसाठी ठेवलेल्या. रविवारी हे चूल पेटवायचे, आणि लक्ष्मीकांत भिंतीवरून उडी मारून हजर. मी ह्यांना म्हणायची, अहो, बामणाचं पोर आहे. तर म्हणायचे, भूक लागलेलं पोर आहे.

इंदुताई : भांडायला आले असते मी तुमच्याशी. महिनाभर बोलले नसते.

विजयाबाई : म्हणून तर सांगितलं नाही.

इंदुताई : आता भांडायला बळ नाही. एक तारखेला नवं राज्य होतंय, त्याला भोपाळला हजर व्हायचंय. चार राज्यांचे कारकून एका कचेरीत कोंबणार, खुर्च्या का तेवढ्या असणार आहेत? जो त्या दिवशी उभा दिसला नाही त्याच्या जागी इंदूरचा नाहीतर रेव्याचा कुणी बसेल. हेडक्लार्क सदाशिवराव स्वतः येऊन सांगून गेले. एवढं म्हणाले, पण उंबऱ्याच्या आत काही आले नाहीत.

विजयाबाई : भितात लोक ह्या दुखण्याला. बरं, मला एक सांगा. डबे कसे लावले होते तुम्ही?

इंदुताई : कसे म्हणजे? एकावर एक.

विजयाबाई : ते खरं. पण खालच्या डब्यात काय होतं?

इंदुताई : भात.

विजयाबाई : आणि कोंबडी?

इंदुताई : सगळ्यात वर.

विजयाबाई : वर? मी तर म्हटलं होतं तळाला ठेवा. आच तिथं असते. वर नुसती वाफ पोचते, तीही थकून.

इंदुताई : वाफ वर जाते, म्हणूनच ठेवलं वर. ते खाली असतं तर त्याची वाफ भाताला लागली असती. आधी भाताचा नैवेद्य दाखवते मी, मग त्याचं पान वाढते. तो आजारी पडल्यापासून एक दिवस चुकवला नाही. देवापुढे त्या वाफेचा भात ठेवू का मी?

विजयाबाई : अरे राम.

इंदुताई : काय झालं?

विजयाबाई : काही नाही. भात कसा झाला होता?

इंदुताई : गिचका. पार खळ झाली होती त्याची.

विजयाबाई : होणारच. आणि कोंबडी? शिजलेली दिसत होती ना? हाडाजवळ लाल नव्हती?

इंदुताई : मी पाहिली नाही.

विजयाबाई : वाढली कुणी?

इंदुताई : वाढली नाही. डबा तसाच त्याच्यापुढे ठेवला, तोंड फिरवून, आणि आंघोळीला गेले. डोक्यावरून दोन घागरी घेतल्या. परत आले तर डबा रिकामा. म्हणाला, छान झालं होतं, आई. मला इतकं बरं वाटलं, विजयाबाई. म्हटलं, चला, माझ्या हातानं हेही झालं.

विजयाबाई : बसा जरा. तो ओटा धुतलेला आहे, बसा.

इंदुताई : कच्ची होती ना ती?

विजयाबाई : अर्धी कच्ची असणार. खामखा जिवाला लावून घेऊ नका. पहिल्यांदा केलीत, एवढी चूक कुणाचीही होते.

इंदुताई : कुणाचीही नाही होत. तुमची झाली असती का? माझीच व्हायची होती. देव बाटू नये म्हणून मी माझ्या लेकराला कच्चं मांस खायला घातलं.

विजयाबाई : त्याला कळलंसुद्धा नसेल. तापात तोंडाची चव मरते. आमच्या ह्यांना शेवटी साखर आणि मीठ एक लागायचं.

इंदुताई : कळलं नसेल ना?

विजयाबाई : नसेल. उठा आता, आज नीट करू. मी बसते जवळ. बघा, ही तुकडे केलेली कोंबडी. हळद, मीठ, आलं-लसूण लावून झालंय. हा तळाचा डबा. अंगचंच पाणी सुटतं तिला, वरून घोटभर पुरतं. निखारे दोन वेळा बदलायचे, बस. घाई नाही करायची. फक्त त्या भोकाच्या शेवया कुठून आणायच्या ते सुचत नाही. आमचे धाकटे भाऊजी काल बाड्यावर विचारून आले. दुकानदार म्हणाला, फौज गेली तेव्हापासून मागवणंच बंद केलंय.

इंदुताई : मी आणलंय. हे घ्या.

विजयाबाई : ही बरणी कसली? अगबाई, ह्या तर नखुल्या आहेत.

इंदुताई : तुमच्या हातच्या. लक्ष्मीकांतची देवासची सोयरीक ठरली तेव्हा माझ्या जाऊबाई आणि तुम्ही बसला होतात वळायला. मला विधवेला हात लावायचा नव्हता, मी दारात बसून तुम्हाला नखं कशी चालवायची ते सांगत होते. तुम्ही सवाष्ण होतात तेव्हा.

विजयाबाई : लग्नाच्या खिरीच्या आहेत ह्या, इंदुताई.

इंदुताई : हो.

विजयाबाई : ह्या कोंबडीत घालू?

इंदुताई : मुलीकडच्यांनी दुखणं कळताच नकाराचा निरोप पाठवला, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी बरणी ठेवून दिली होती. दर आठवड्याला उन्हात ठेवायची, पोरकिडा लागू नये म्हणून. पिठाच्याच आहेत, वळलेल्या आहेत. तुमच्या त्या शेवयांसारखं भोक नसलं म्हणून काय मोठं बिघडतं. घाला.

विजयाबाई : ठेवा तुम्ही. बरा झाला की दुसरी मुलगी मिळेल. मग लागतील.

इंदुताई : घाला म्हणते ना. सकाळी डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आता पथ्य नको. जे मागेल ते द्या. ह्यानं पुन्हा हेच मागितलं. एवढे काल हाल झाले, तरी हेच.

विजयाबाई : असं म्हणाले डॉक्टर?

इंदुताई : हो. सुईसुद्धा दिली नाही आज. पिशवी उघडलीच नाही. म्हणाले, पथ्याचा जाच पुरे झाला, बाई, पोराला हवं ते खाऊ द्या. मी विचारलं, एक तारखेला भोपाळला जाऊ शकेल का? तर म्हणाले, बघू. तुम्ही तोंड का फिरवलंत?

विजयाबाई : निखारे विझतायत. फुंकते जरा.

इंदुताई : विझत नाहीयेत. चांगले लाल आहेत.

विजयाबाई : धूर गेला डोळ्यात.

इंदुताई : तुमच्या ह्यांच्या वेळी हेच डॉक्टर होते ना?

विजयाबाई : हां.

इंदुताई : संस्थानांच्या फौजा सरकारी फौजेत एकत्र झाल्या, त्यांना निवडलं नाही, घरी पाठवलं. मग ते खाट धरून बसले. शेवटी शेवटी डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले होते?

विजयाबाई : आता मागचं कशाला उकरायचं? कोंबडीला वेळ आहे अजून, तुम्ही घरी जाऊन पाठ टेका.

इंदुताई : विजयाबाई. मी मूर्ख आहे, पण इतकी नाही.

विजयाबाई : हेच म्हणाले होते. जे मागतील ते द्या.

इंदुताई : आणि त्यांनी काय मागितलं होतं?

विजयाबाई : हेच. मी केलंही. शेवटचा पुडा होता बाड्यावरचा. दोन घास खाल्ले. त्यानंतर हा कुकर मी काढला नव्हता, तुम्ही मागेपर्यंत.

लक्ष्मीकांत : काकू, खुशबू यहाँ तक आ रही है. झालं का?

विजयाबाई : होतंय रे बाळा. धीमी आच आहे, ठहर जरा.

लक्ष्मीकांत : ठहरतो, मला कुठं जायचंय. आई आहे का तिथं?

विजयाबाई : आहे ना. बसली आहे माझ्याजवळ.

लक्ष्मीकांत : मग तिला विचारू नका, तुम्हीच सांगा. आज खालच्या डब्यात ठेवली ना?

विजयाबाई : हो रे. खालच्या.

लक्ष्मीकांत : मग ठीक. आई, तू रागावू नकोस हां. कालचीपण चांगली होती.

इंदुताई : झोप तू. बोलू नकोस, धाप लागते. मी आणते.

विजयाबाई : इंदुताई.

इंदुताई : त्याला माहीत होतं. पहिल्या घासाला कळलं असणार. मी आत अंगावर पाणी ओतत होते आणि हा बाहेर एकटा बसून ते चावत होता. सगळं संपवलं त्यानं. मला वाईट वाटू नये म्हणून.

विजयाबाई : रडा. इथं कोणी बघत नाही.

इंदुताई : रडायला पुढची सगळी वर्षं पडली आहेत. नखुल्या घाला आता.

विजयाबाई : घातल्या. ह्या लवकर फुगतात. बघा, रस्सा कसा दाटला. रंग आला चांगला. फक्त मिठाचा अंदाज लागत नाही मला. हातची सवय मोडली आता. हे गेल्यापासून मीही सोडलंय ना सगळं. आमचे धाकटे भाऊजी चाखून सांगायचे, तर ते आज मुरारला गेलेत, दिवेलागणीला येतील.

इंदुताई : तोवर तो थांबणार नाही. ग्लानीत गेला की रात्रभर उठत नाही.

विजयाबाई : गल्लीतल्या कुणाला बोलावू?

इंदुताई : कोण येईल ह्या घरचं चाखायला? सदाशिवराव उंबऱ्यात आले नाहीत.

विजयाबाई : मग असंच देऊ. कमीजास्त झालं तर तो काही बोलायचा नाही.

इंदुताई : तेच. तो काही बोलायचा नाही. पळी द्या इकडे.

विजयाबाई : कशाला?

इंदुताई : द्या.

विजयाबाई : इंदुताई, मी चाखते. मी एके काळी खाल्लेली आहे, माझं एवढं काही जाणार नाही. तुम्ही जन्मात शिवला नाहीत. घरी देव आहेत तुमचे.

इंदुताई : देव आहेत. त्यांनी कालही पाहिलं. सोवळं मी ह्याच्यासाठीच पाळत होते, विजयाबाई. हा जगावा म्हणून. आता कुणासाठी पाळू?

विजयाबाई : गरम आहे. फुंकून घ्या.

इंदुताई : ही कोंबडी मऊ झाली आहे. हाडावरून सुटतेय. अशी असते होय.

विजयाबाई : हां, अशी असते. पाणी देऊ? चूळ भरा वाटलं तर.

इंदुताई : नको. मीठ कमी आहे.

विजयाबाई : घातलं थोडं. ढवळते. आता त्याचं ताट वाढू?

इंदुताई : वाढा. आणि माझंही त्याच्याच ताटात वाढा. मी बसणार आहे आज त्याच्यासमोर.