ठिपके चालायला लागले

...आणि वर घरचे मलाच विचारतात, एवढं घाबरायला काय झालं! तुम्हाला सांगतो, मी घाबरलो नव्हतो. फक्त पायांतलं बळ गेलं होतं. आता बळ गेल्यावर माणूस खाली बसतो, त्यात घाबरण्याचं काय?

झालं काय, मेव्हण्यानं आमच्या लेकीला वाढदिवसाला सरडा आणून दिला. हो, सरडा! दुसरी मुलगी मामाकडे सायकल मागेल, हिला सरडा हवा होता. मेव्हणा छातीठोकपणे सांगतो, 'दाजी, अहो पिंजऱ्यातच जन्मलेला आहे, एकदम घरंदाज.' घरंदाज? काचेवर दिवसभर नाक घासतोय, हात दिसला की जबडा उघडतोय, शेपटीचा शेंडा कुठे गमावलाय त्यालाच ठाऊक... पण माझं ऐकतंय कोण? लेक रोज त्याच्या टाळूची पापी घेऊन शाळेत जायची. आणि बायको त्याचं पाण्याचं भांडं आमच्या ताटांबरोबर, एकाच घासणीनं घासायची. तोही घरातलाच ना, म्हणे.

मी पडलो घड्याळं दुरुस्त करणारा. एका रविवारी सहज डोळ्याला भिंग लावून बघितलं, तर त्याच्या मानेवरचे ते लाल ठिपके, ज्यांना आम्ही महिनाभर 'काय नक्षी आहे' म्हणत होतो ना, ते ठिपके चालायला लागले! एक इकडून निघाला, एक तिकडून... मी घाबरलो नव्हतो. भिंग आपलं आपणच निसटलं. मग मन घट्ट केलं, कामाचा चिमटा घेतला, त्याच्या काखेत टम्म फुगून बसलेली गोचीड ओढून काढली, पेटीचं झाकण लावायला दोन्ही हात हवेत म्हणून चिमटा... दातात धरला! अहो, वीस वर्षांची सवय. हात अडकले की चिमटा दातातच जातो. त्यानंतर मी किती चुळा भरल्या ते त्या नळालाच विचारा.

दुसऱ्या दिवशी सरडा पेटीत, त्याची शी डबीत आणि आम्ही तिघं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे. बाईंनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघितलं. मग शांतपणे म्हणाल्या, "हा रानातून पकडून आणलेला आहे. पोटात तीन तऱ्हेचे जंत आहेत. याला हात कोण लावतं?"

लेकीनं हात पाठीमागे नेले. भांडं कुठे घासता, असं विचारल्यावर बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. बाई म्हणाल्या, याचे जंत बहुतेक माणसाच्या पोटात टिकत नाहीत, पण याच्या शीतल्या जंतूंनी लहान मूल चांगलंच आजारी पडू शकतं, तेव्हा पापी बंद, भांडं वेगळं, हात साबणानं. बाकी सगळं राहिलं बाजूला, मी त्या 'बहुतेक'मध्येच अडकलो. बहुतेक म्हणजे किती हो? मी घाबरलो नव्हतो... नाही, आता खोटं कशाला बोलू, घाबरलो होतो. लेकीच्या पोटात काही गेलं असेल तर, या विचारानं मला तिच्याकडे बघवेना. आणि ती मलाच विचारते, "बाबा, तो मरेल का?" त्याची काळजी करायला माझ्यात जागाच उरली नव्हती.

मग आमच्या तीन डब्या माणसांच्या डॉक्टरांकडे. चार दिवस मी घड्याळं उघडत होतो आणि तशीच बंद करत होतो. पाचव्या दिवशी रिपोर्ट आले. लेकीचा स्वच्छ! मी तिथेच रुमाल काढला, कंपाउंडरला वाटलं सर्दी झालीय. बायकोचा स्वच्छ. तिकडे औषध घेऊन पुढे महिन्याभरात सरडासुद्धा स्वच्छ.

राहिलो मी. माझ्या पोटात जंत! डॉक्टर म्हणाले, "हे सरड्याचे नव्हेत. हे माणसांचे, नेहमीचेच." म्हणजे माझे स्वतःचे, घरंदाज.

त्या दिवशी घरी रिपोर्ट सांगून दुकानात गेलो, संध्याकाळी आलो, तर सरड्याच्या पेटीवर लेकीनं मोठ्या अक्षरांत कागद चिकटवलेला... 'याला बाबांपासून लांब ठेवावे.' बसतो आपला लांब.