बोटीतल्या पंपाची वायर

हॅलो? अहो, कुठवर आलात?... बोट मधीच थांबवली? का?... पंप बंद पडला? मग तळाच्या चिरेतनं आत पाणी किती साचलंय?... घोट्यापर्यंत! आणि पोरगी? संस्कृती कुठाय?... बाकड्यावर उभी करू नका तिला, आत्याबाईंच्या मांडीत बसवा. जाकिटाचे बंद घट्ट आहेत ना?

हो, हो... अहो ऐका ना. इंजिन चालू करू नका. हादऱ्यानं तळाची चीर आणखी फाटेल. मी काठावरच हाय. माऊलीकाकांना होडी घेऊन धाडते, पण वल्ही मारत यायला त्यांना अर्धा तास लागेल. तोवर पंप चालायलाच पायजे. वायर बघा... जोड सुटलाय? कुणी जोडली होती?... तुमीच! पीळ दिला अन् चिकटपट्टी गुंडाळली, विहिरीवरच्या मोटरीसारखी... अहो, मोटर एका जागी बसलेली असते. बोट दिवसभर थरथरते, वरून पाणी!

बरं, भांडत न्हाई. आधी बॅटरीवरनं वायर काढा... काढली? तांबं कसं दिसतंय?... हिरवं? तेवढं छाटून टाका. चकचकीत लागेपर्यंत... अजून छाटा.

आत्याबाई काय ओरडतायत?... दशम्यांचा डबा? दशम्या फेका अन् त्या डब्यानं पाणी उपसा म्हणावं!

हत्यारांच्या पेटीत मी तांब्याच्या बारक्या नळ्या ठेवल्यात... त्याच. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून ही भाकरीच थापती म्हणत होता ना मला?... असू द्या. दोन्ही टोकं दोन बाजूंनी नळीत घाला. पकडीनं दाबा, दोन जागी... आता ओढा... ओढा म्हणते ना!

निघाली? बघा, पुढं वाटेत हीच सुटली असती. दुसरी नळी घ्या... शेवटचीच हाय? मग हात पुसा आधी. कोरडे करा...

पोटरीपर्यंत आलं?... न्हाई, न्हाई, तिकडं बघू नका. नळीकडं बघा. टोकं पूर्ण आत गेली? दाबा. अजून... आता ओढा. जोरात... न्हाई निघत? टेप लावा, जोड उंच बांधा, खाली लोंबू देऊ नका. बॅटरी जोडा.

...अहो? हॅलो?... बटण दाबलं का?

चालू झाला?... फोन पंपाजवळ धरा. हां... हां, ऐकू येतंय. पाणी बाहेर पडतंय?... लई?... थांबा, लगेच निघू नका. घोट्याखाली उतरू द्या, मगच इंजिन. अन् हळू...

न्हाई, बोलत बोलत न्हाई यायचं. मला तरी कुठं फोन सोडवतोय? पण एका हातानं बोट चालवायची न्हाई तुमी. पोरगी हाय आत... ठेवते मी. ठेवते.