सोमवारी सहाला

संघर्ष: मग जर्मनीच घ्या की आक्का. सगळ्यात स्वस्त जर्मनी पडतंय.

तानीबाई: कुठं? जर्मनीला धाडताय ह्यांना?

संघर्ष: काका न्हाय ओ जाणार, काकी. त्यांचा इंटरनेटवरचा रेडिओ. तो चालायला कुठंतरी एक मशीन सारखं सुरू लागतंय, ते भाड्यानं घ्यायचं. मशीन जर्मनीत असलं तरी तुमच्या मोबाइलवर सकाळी सहाला तसंच वाजणार.

तानीबाई: आन् आत्ताचं कुठं हाय?

संघर्ष: बेंगळूरला. आज रात्री बंद करणार म्हणून मेल आलाय त्यांचा.

तानीबाई: का बंद करत्यात ते तरी नीट सांगा. दुपारपासनं दोघं त्या डबड्यात तोंड घालून बसलाय.

उपासना: सांगितलं ना आई मघाशी. भाडं आप्पांच्या कार्डातून जात होतं. मी बँकेत मृत्यूचा दाखला दिला, कार्ड बंद झालं. आता माझ्या कार्डानं भरावं तर आत शिरायला आप्पांच्या फोनवर ओटीपी जातो. आणि तो नंबरही मीच बंद केला.

तानीबाई: सगळं येवस्थित केलंस.

उपासना: करावं लागतं ते. कुणीतरी.

तानीबाई: मी कुठं काय म्हणलं?

संघर्ष: हे बघा, तीन काढल्यात मी. एक मुंबईचं, एक बेंगळूरचं, आन् हे जर्मनीचं.

तानीबाई: मुंबई आन् बेंगळूर. म्हंजे हितंबी तेच सीमेचं भांडण.

उपासना: आप्पा म्हणाले असते, दोन्हीकडच्या गाड्या आपल्याच.

तानीबाई: म्हणायचे की. आन् सीमेवर कुठं काय पेटलं, गाड्या थांबल्या, की लोक स्टँडच्या कंट्रोलपाशी येऊन, कर्ण्यावर गाड्या पुकारणाऱ्या ह्यांनाच शिव्या घालायचे. मराठी मान्सं म्हणायची, कानडी आधी का बोलतोस. कानडी मान्सं म्हणायची, मराठी बोलतोसच कशाला. आख्खी नोकरी दोन्हीकडनं ऐकून घेण्यात गेली. जाऊ दे जर्मनीला. तिथं कोण विचारणार न्हाय.

संघर्ष: झालं मग. काकीनं मिटवलं.

तानीबाई: थांब. स्वस्त हाय म्हणतोस, मग खोट काय हाय त्यात?

संघर्ष: आता बरोबर विचारलंत. कसं असतंय, एक मोठं मशीन म्हंजे एक चाळ. त्यातली एक खोली आपली. कुलूप आपलं, आत काय मांडायचं ते आपलं. पर नळाला पाणी एकाच टाकीचं. स्वस्तवाला मालक काय करतोय, भाडेकरू भरतोय गच्च. मग शेजारच्यानं नळ सोडला की आपल्याला धार न्हाय. आवाज मधेच तुटतोय.

तानीबाई: आन् मालक पळून गेला तर?

संघर्ष: तेबी होतंय. लोकांनी लिहिलेलं वाचून घ्यायचं. पर लिवणारीबी निम्मी त्यांचीच मान्सं असत्यात.

उपासना: म्हणून तर म्हणते, कशाला हवं हे सगळं? आप्पांच्या कॉम्प्युटरवर सातही दिवसांचं रेकॉर्डिंग आहे. पेनड्राइव्हवर भरून देते. तुझ्या त्या छोट्या स्पीकरला लाव आणि हवं तेव्हा ऐक. भाडं नको, शेजारी नको, जर्मनी नको.

संघर्ष: यूट्यूबवरबी टाकता येतंय. फुकटात.

तानीबाई: तिथं मधेच साबणाची बाई येती.

उपासना: मग पेनड्राइव्ह. हवं तेव्हा.

तानीबाई: हवं तेव्हा नको मला.

उपासना: म्हणजे?

तानीबाई: आमच्या आईचं घर स्टँडच्या पाठीमागं. मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची मी, आन् कर्ण्यातनं आवाज यायचा. चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लज. तोंड बघितलं नव्हतं तवापासनं आवाज वळखीचा. लग्न झालं तरी तेच. दिवसभर मान्साचा पत्ता न्हाय, नुसता आवाज. मी काय त्यांना हाक मारून बोलवत न्हवती. गाडीची वेळ झाली की यायचे आपणहून. रिटायर झाले, घरात रेडिओ काढून बसले, तरी सहा म्हंजे सहा. आता तुझ्या त्या पेनड्राइव्हवर मी बटण दाबायचं आन् मग त्यांनी बोलायचं. मेलेल्या मान्साला हाक मारून उठवल्यागत. रेडिओवर तसं न्हाय. तिथं येत्यात.

उपासना: आई, तेच सात दिवस आहेत. ऑपरेशनला बेळगावला जायच्या आधी त्यांनी आठवड्याचं बोलून ठेवलं, रेडिओ बंद राहू नये म्हणून. तेच थंडीपासून गोल फिरतंय. नवीन काही नाही त्यात.

संघर्ष: मंगळवारी सांगत्यात, उद्या नळाला पाणी येणार न्हाय. गल्लीतल्या जयाबाई अजून दर मंगळवारी पिंपं भरत्यात.

तानीबाई: भरू दे की. मागं एका बुधवारी खरंच आलं न्हाय पाणी. म्हणाल्या, आमच्या कल्लाप्पान्नी रेडिओवर सांगितलंतं, तुमीच ध्यान दिलं न्हाय.

संघर्ष: म्हंजे एका बुधवारी तरी काका बरोबर.

तानीबाई: आज रविवार. आज सकाळी काय म्हणाले ठावं हाय? उद्या सोमवारी, सहाला, हितंच भेटू. दर रविवारी म्हणत्यात. आन् सोमवारी येत्यात. दवाखान्यातनं आले न्हाईत, पर हितं एकबी सोमवार चुकवला न्हाय त्यांनी. उद्या आले न्हाईत तर मी काय समजायचं?

उपासना: जे खरं आहे ते.

संघर्ष: आक्का.

तानीबाई: बोलू दे रं. तिला काय. ती ऐकतच न्हाय.

उपासना: मला ऐकवत नाही, आई. सांगितलंय मी तुला.

तानीबाई: पुण्यानुमोदनाला सगळी मान्सं बसून ह्यांचा रेडिओ ऐकत हुती आन् तू भाईर रस्त्यावर उभी. बघितलं मी.

उपासना: बघितलंस तर मग परत कशाला विचारतेस?

तानीबाई: विचारलं न्हाय. सांगितलं.

संघर्ष: बरं, ते ऱ्हाऊ द्या आता. हे बघा, जर्मनीची खोली मी तासाच्या बोलीनं घेतलीया, तपासायला. त्यात काकांचा एक दिवस टाकलाय. आवाज तुटतोय का बघू आन् मग ठरवू. काकी, तुमचा मोबाइल द्या. ह्यावरच वाजवून बघितलं पाहिजे. गुरुवार लावलाय.

तानीबाई: गुरुवार चांगला हाय. लांबडा हाय.

उपासना: मी चहा टाकते.

तानीबाई: बस हितं. चहा झालाय आत्ताच.

मोबाइलमधला आवाज: दयविट्टु गमनिसी. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. नमस्कार, जयभीम, निपाणीकर उठा आता. आज गुरुवार. चिकोडीला कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींनी ध्यानात घ्यावं, सव्वासातची गाडी आजपासून—

(आवाज थांबतो.)

संघर्ष: तुटला. बघा, म्हणलो नव्हतो? कुणीतरी नळ सोडला शेजारी. जर्मनी रद्द. मी मुंबईचं लावतो, चार पैसे जास्त गेले तर—

उपासना: तुटला नाही. थांब.

संघर्ष: तुटलाच की आक्का, किती वेळ झाला—

उपासना: गप रं जरा. दम लागलाय त्यांना. तांब्या उचललाय. आता खाली ठेवत्यात बघ.

मोबाइलमधला आवाज: —आजपासून पलीकडच्या फलाटावर लागेल. पळापळ करू नये. गाडी थांबवून ठेवायला सांगितलंय मी.

संघर्ष: व्हय की. तांब्याचा आवाज आला. मला वाटलं सर्व्हरच... बंद करू का?

तानीबाई: कर. उपी.

उपासना: काय?

तानीबाई: गुरुवारचा तांब्या तुला कसा ठावं?

उपासना: असंच.

तानीबाई: असंच न्हाय. मला तो तांब्या कळायला दोन-तीन गुरुवार गेले. पयल्यांदा मीबी मोबाइल आपटून बघितला.

उपासना: सगळे दिवस माहीत आहेत मला.

तानीबाई: कधीपासनं?

उपासना: पहिल्या आठवड्यापासून. बेळगावात, पिरनवाडीच्या घरी, स्वयंपाकघरात. पोरांचे डबे करताना कानात घालते. घरात कुणाला माहीत नाही. शनिवारी बोलता बोलता मागं आपल्या गल्लीतला कोंबडा आरवतो, तेव्हा ते हसतात जरा. तेही माहीत आहे.

तानीबाई: मग मघापासनं पेनड्राइव्ह, पेनड्राइव्ह काय लावलंतंस?

उपासना: मला वाटलं, बंद पडेल. कार्ड नाही, ओटीपी नाही. कुणी बंद केलं असं होणार नाही, आपोआप पडेल. मग सुटेल.

तानीबाई: काय सुटंल?

उपासना: रविवार. सोमवार ते शनिवार मी ठीक असते, आई. कॉलेजात शिकवते, पेपर तपासते, सगळं करते. रविवारी ते उद्या भेटू म्हणाले, की सोमवार उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. पुन्हा त्या दवाखान्यातल्या बाकावर बसल्यासारखं होतं. दर आठवड्याला.

तानीबाई: मलाबी.

उपासना: तुलाही?

तानीबाई: मग काय, मला झोप लागती व्हय? भिंतीकडं तोंड करून पडायचं झालं. सहा वाजायची वाट बघत.

उपासना: आणि तरी हवं तुला?

तानीबाई: सोमवारी येत्यात की गं.

संघर्ष: मी जरा भाईर जाऊन येऊ का?

तानीबाई: तू कुठं चाललास? त्यो तास संपंल तुझा. घे ते जर्मनी. चांगला हाय आवाज. दम घेतलेलासुदिक ऐकू आला.

संघर्ष: घेतो. मुदत विचारतंय. तीन वर्षांचं एकदम घेतलं तर महिन्याला दोन चहाचे पैसे. महिन्या-महिन्यानं घेतलं तर चढा दर.

उपासना: तीन वर्षांचं टाक.

तानीबाई: नको.

उपासना: आता तू नको म्हणतेस?

तानीबाई: तीन वर्सं कशाला? तेवढ्यात मी तरी असंन का, कुणाला ठावं. आन् असलो दोघी, तरी तुझ्या त्या बँकेगत मग आपोआपच चालणार आन् आपोआपच बंद पडणार. महिन्याचं घे.

उपासना: महाग पडतं ते, आई.

तानीबाई: पडू दे. महिना भरला की तू हितं यायचं. जेवायचं, आन् मग दोघींनी बसून ठरवायचं, आणिक एक महिना येऊ देत का त्यांना. एखाद्या बारीला तुलाबी वाटंल, मलाबी वाटंल, की आता लई झालं, बसू दे त्यांना. त्या दिवशी बंद करू. आपल्या हातानं. ओटीपी न्हाय म्हणून न्हाय.

उपासना: आणि मला वाटलं, पण तुला नाही वाटलं तर?

तानीबाई: तर आणिक एक महिना.

संघर्ष: मी महिन्याचं दाबतो, आक्का?

उपासना: दाब. माझा नंबर घाल ओटीपीला. आणि आईचाही घाल.

संघर्ष: दोन घालता येत न्हाईत. एकच.

उपासना: मग आईचा घाल.

संघर्ष: घातला. काकी, मोबाइलवर आकडा आला असंल, वाचा.

तानीबाई: चष्मा कुठं गेला माझा? उपी, तू वाच. न्हाय, थांब, मीच वाचती. शिकलं पाहिजे आता हे.

संघर्ष: सावकाश वाचा. पळापळ करू नये.

तानीबाई: तुझ्या काकाची नक्कल करू नको. हां, घे. चार, शून्य, सात, सात, दोन, एक.

संघर्ष: झालं, खोली मिळाली. आता सगळे दिवस चढवतो. आन् घड्याळ. बरं झालं आठवलं, जर्मनीचं घड्याळ आपल्या मागं चालतंय. तसंच ठेवलं असतं तर काका उद्या साडेनऊला आले असते.

तानीबाई: ते आधी बघ. गाडीला वाईच उशीर झाला तरी आख्ख्या स्टँडची माफी मागायचे ते, चूक डायवरची असली तरी.

संघर्ष: लावलं. निपाणीचं लावलं.

उपासना: आता वाजवून बघायचं का एकदा? सोमवार?

संघर्ष: वाजवता येतंय. पर वेळेवर लागतंय का, ते उद्या सहालाच कळणार. आज हातानं लावून उपेग न्हाय.

तानीबाई: आज नको. उद्याचं उद्या येऊ दे.

संघर्ष: मग निघतो मी, काकी. आक्का, तुम्हाला बेळगावला सोडू का? गाडी मोकळीच हाय.

उपासना: नको. तू जा. राहते मी आज.

तानीबाई: आन् कॉलेज?

उपासना: उशिरा जाईन. घरी कळवते. डबे करतील ते एक दिवस.

तानीबाई: ह्या खोलीत ऊन लई येतं सकाळी. माझ्या हिकडंच घालती अंथरूण. मोबाइल मधे ठेवू.

उपासना: गजर लावू का साडेपाचचा?

तानीबाई: कशाला? लागणार हाय व्हय झोप तुला?

उपासना: नाही लागायची.

तानीबाई: मग हाक मार. जागीच हाय मीबी.