आधी उंदरांवर

विमलाबाईंना दुसऱ्याचं बोलणं ऐकायची खोड नव्हती, पण वर्ध्याच्या फलाटावर बाक एकच होता आणि मुंबईची गाडी यायची होती. शेजारी काळ्या चष्म्याचे आंधळे डोमाजी आणि त्यांचा पुतण्या नत्थू बसले होते. नत्थूच्या मांडीवर गळ्याला गाठी आलेली त्याची पोर निजली होती.

"कॅन्सरचं नवं औषध हाय, काका. मुंबईचे डॉक्टर देऊन पाहू म्हणते."

"कायचं बनवलं?"

"लढाईतल्या जहरी गॅसपासून. मोहरीसारखा वास येते म्हणते त्या गॅसले."

"त्याच वासानं पहिल्या लढाईत फ्रान्सात माह्ये डोळे गेले, नत्थू. अन् ते तू पोरीच्या नसेत भरतं?"

"त्या गॅसनं मेलेल्या शिपायायच्या अंगातल्या गाठी सुकून गेलत्या. ते डॉक्टरायनं हेरलं. मंग आधी उंदरायवर पाह्यलं, मंग माणसायवर."

"उंदरायच्या आधी आमच्यावर पाह्यलं, ते नाई सांगतलं त्यायनं?"

विमलाबाईंचा अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला. गाडीची घंटा झाली, तसे डोमाजी चाचपत उठले.

"पोरीले घे. अन् डॉक्टरले सांगजो, आमाले लय देल्लं होतं. हिले थोडं दे म्हणा."